पोराच्या मेसचा हिशोब क्विंटलात मांडा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत बियाणे, पीक कर्ज आणि कापूस खरेदी असे तीन विषय ठरले होते. आम्ही चौथा विषय मागून घेतला आहे. शहरात शिकायला ठेवलेल्या आपल्या पोरापोरींचा खर्च. कुणी म्हणेल, हा मास्तरांचा आणि कॉलेजवाल्यांचा विषय, शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला? पण गावोगाव बसलो की आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो, भाव पडलेला असतो, हे माहीत असूनही दारात आलेल्या व्यापाऱ्याला तो का घातलात? पहिले उत्तर येते, कृषी केंद्राची उधारी होती. दुसरे उत्तर जरा दबक्या आवाजात येते. "पोराला पैसे धाडायचे होते, साहेब. मेसवाला थांबत नाही."

मेसवाला थांबत नाही, म्हणून कापूस थांबत नाही. आजचे आमचे बोलणे एवढ्याच एका वाक्यावर आहे.

आता जून महिना डोळ्यासमोर आणा. ७ जूनला मृग निघते. पाऊस पडो न पडो, बियाण्याची पाकिटे आणि खताच्या गोण्या घरात यायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत बारावीचा निकाल लागलेला असतो आणि प्रवेश सुरू होतात. कॉलेजची फी, खोलीचे डिपॉझिट, मेसचा पहिला महिना आगाऊ, गादी-बादली, पुस्तके. शेतकऱ्याच्या घरात पैसा येण्याचा महिना नोव्हेंबर, फार तर डिसेंबर. जाण्याचा महिना मात्र दोन्हीकडून जूनच. नोकरदाराला पगार दरमहा मिळतो, पोराचा खर्चही दरमहा असतो, दोन्हींची सांगड बसते. आपले उत्पन्न वर्षातून एकदा आणि खर्च बारा वेळा. महागाई सगळ्यांनाच आहे हे खरे, पण वर्षातून एकदा कमावणाऱ्याला ती व्याजासकट लागते, हे शहरातल्या अर्थशास्त्र्याला सांगूनही कळत नाही.

मग आपण काय करतो? पीक कर्ज बँकेतून निघते ते पेरणीसाठी, आणि त्यातला मोठा तुकडा प्रवेशाला जातो. बँकेच्या कागदावर खत, प्रत्यक्षात खोलीचे डिपॉझिट. बियाणे-खत मग उधारीवर. उधारीच्या गोणीचा भाव रोखीपेक्षा वेगळा असतो, त्याला कुणी व्याज म्हणत नाही इतकेच. इथपर्यंतचे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचे आम्ही शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो. कोरडवाहू कपाशीला पेरणीच्या वेळचे खत कसेबसे मिळते. चुकतो तो नंतरचा नत्राचा हप्ता, पाते धरायच्या आधीचा. त्या वेळी जुलै-ऑगस्टचा पाऊस जमिनीत असतो, पीक हात पसरून मागत असते आणि आपल्या खिशात युरियाला पैसे नसतात, कारण त्याच आठवड्यात पोराचा फोन आलेला असतो. डवरणी आणि निंदणीही अशीच आठ-दहा दिवस पुढे ढकलली जाते. तण तोवर आपला वाटा घेऊन मोकळे होते. दिवाळीला बोंडे मोजताना आपण पावसाला दोष देतो. पाऊस दोषी असतोच, पण त्या पोत्यात काही किलो तूट पोराच्या मेसची असते. शास्त्राच्या पुस्तकात कापसाच्या शत्रूंमध्ये बोंडअळी आहे, लाल्या आहे, मेसचे बिल कुठे नाही. ते घालायला हवे.

हा खर्च रुपयांत न मांडता क्विंटलात मांडून बघू. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ या भागात स्पर्धा परीक्षेची पोरे राहतात. एका खोलीत चार-पाच खाटा, एका खाटेचे भाडे साडेतीन हजार धरा. दोन वेळच्या मेसचे साडेतीन हजार. अभ्यासिकेत खुर्ची मिळवायचे हजार. मोबाईलचा रिचार्ज, साबण, झेरॉक्स, गावाकडे एखादी फेरी, यांचे मिळून आणखी हजार. झाले नऊ हजार. हा काटकसरीचा हिशोब आहे, क्लासची फी त्यात नाही. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा अमरावतीला हजार-दोन हजार कमी लागतील. आता कापूस साडेसात हजारांनी विकला असे समजा. एका पोराचा एक महिना म्हणजे एक क्विंटल वीस किलो. दहा महिन्यांचे बारा क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल ही आपली बरी साल. म्हणजे तीन एकरांचा सगळा कापूस, सरकीसकट, वेचणीची मजुरी वजा न करता, एका पोराच्या खाटेवर आणि ताटात गेला. पाच एकरवाल्याकडे राहिले दोन एकर. त्यात बियाणे, खत, फवारणी, वेचणी, घर, दवाखाना आणि दुसरे लेकरू.

कुणी उठून म्हणेल, कापसाचा हमीभाव वाढला की! वाढला, आम्ही नाकारत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ साली ४,०५० रुपये होता, २०२५-२६ ला तो ८,११० झाला. अकरा वर्षांत दुप्पट. पण एकरी उतारा दुप्पट झाला का? आणि भाव कागदावर दुप्पट झाला तरी ओल्या कापसाला तो लागू नाही. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत. २०२५ च्या हंगामात त्यावर मोबाईलवरच्या नोंदणीची नवी अट आली. ज्याला महिना अखेरीस मेसचे पैसे धाडायचेत तो नोंदणी, वाळवण आणि चुकाऱ्याची वाट बघत बसू शकत नाही. हमीभावासाठी आधी थांबण्याची ताकद लागते, आणि तीच ताकद दरमहा शहरात खर्च होते.

शिवाय खर्चाची नुसती रक्कम वाढली नाही, खाती वाढली. आम्ही परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा अभ्यासाची जागा म्हणजे ग्रंथालय, तिथे बसायचे पैसे पडत नव्हते. फोन म्हणजे चौकातल्या एसटीडी बूथवर रात्री दरपत्रक बघून केलेला एक कॉल. आज खुर्चीला भाडे, इंटरनेटला भाडे, ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्याला पैसे, चाचणी परीक्षेला वेगळे पैसे. यातले काहीच चैनीचे नाही. पोरगा रिचार्ज मारत नाही त्या महिन्यात त्याला जाहिरातही कळत नाही आणि निकालही.

आता ताटाकडे या, कारण आपला सगळ्यात मोठा झगडा तिथे आहे. शहरात मेसचा दर वाढला की पाटी लागते, 'धान्य व भाजीपाला महागल्यामुळे दरवाढ'. पाटी वाचणारा पोरगा आपलाच असतो, आणि दोन-चार पाट्या वाचल्या की त्यालाही वाटायला लागते की शेतमाल महागला म्हणून आपले हाल. ही समजूत घेऊन तो गावी येतो आणि बापाशी वाद घालतो. म्हणून हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. जवान पोरगा महिन्याला बारा किलो धान्य खातो. संकरित ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ ला ३,६९९ रुपये, म्हणजे किलोला सदतीस. बारा किलोचे साडेचारशे रुपयेही होत नाहीत. दोन किलो डाळीसाठी तीन किलो तूर धरा, ८,००० च्या हमीभावाने २४० रुपये. तेल, कांदा, बटाटा, भाजी, सगळे शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाने धरले तर गाडी हजाराच्या आसपास येऊन थांबते. आणि हे हमीभावाने झाले, तो तरी कुठे हातात पडतो? साडेतीन हजारांतले उरलेले अडीच हजार म्हणजे गाळ्याचे भाडे, गॅस, वीज, स्वयंपाकाच्या बाईची मजुरी, मधल्या व्यापाऱ्याचा नफा आणि मेसवाल्याचे पोट. मेसवाल्यावर आमचा राग नाही, तोही बहुतेक वेळा आपल्यातलाच, शेती सोडून गेलेला असतो. पण ज्वारी फुकट दिली तरी मेस तीन हजारांच्या खाली येत नाही, एवढे पोराला कळले पाहिजे. शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीत आपला वाटा चार रुपयांपेक्षा कमी. तीच भाकरी पुण्याच्या हॉटेलात वीस-पंचवीस रुपयांना आणि बऱ्याच मेसमध्ये 'एक्स्ट्रा' म्हणून. २०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' असे नावही मिळाले. आपल्याच लेकराला आपलीच भाकरी एक्स्ट्रा झाली, हे त्या वर्षात कुणाच्या लक्षात आले नाही.

महागाई रोखायची म्हणून सरकार काय करते तेही बघा. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरात थेट बंदी. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काढले आणि ती सवलत डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असताना. कांदा पडला तेव्हा मेसची पाटी खाली उतरली का? कापूस दबला तेव्हा पोराचा शर्ट स्वस्त झाला का? बापाचे उत्पन्न कापले गेले आणि पोराचे बिल तसेच राहिले. ग्राहकाच्या नावाने केलेल्या या उपायात दोन्ही बाजूंनी मार खाणारे घर एकच, ज्याचा बाप रानात आणि पोरगा मेसमध्ये.

परीक्षांच्या तारखांचाही खर्च असतो, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० ला होती, ती २१ मार्च २०२१ ला झाली. तेव्हा कोरोना होता, समजून घेऊ. पुढे २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. त्या वेळी पोरांनीच पुण्यात रस्त्यावर बसून मागणी केली होती. दुसऱ्या परीक्षेची तारीख त्याच दिवशी आली होती आणि कृषी सेवेच्या २५८ जागा त्यात घ्यायच्या राहिल्या होत्या. मागणी रास्त होती, त्यातली निम्मी पोरे आमच्यासारखी कृषी पदवीधर. पण घोळ कुणाचा आणि बिल कुणाला? तीन महिने वाढले म्हणजे सत्तावीस हजार, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून जास्त कापूस. वेळापत्रक करणाऱ्याच्या पगारातून त्यातला एक रुपया कापला गेला नाही.

या तणावात पोरे काय करतात ते ती घरी सांगत नाहीत. आम्ही त्यांच्यात बसतो म्हणून आम्हाला दिसते. दोन वेळची मेस एक वेळची होते. एक डबा दोघांत. रात्रीला पोहे किंवा वडापाव, आणि फोनवर "जेवलो की" असे उत्तर. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या रिकाम्या खुर्च्या मोजा, ती पोरे कुठेतरी लग्नात वाढपी म्हणून किंवा पार्सल पोचवायला गेलेली असतात. काम करण्यात कमीपणा नाही, पण वर्ष मागे पडते आणि त्या वर्षाचेही नऊ हजार महिना आपल्यालाच भरावे लागतात. जिल्ह्याच्या गावी शिकणाऱ्यांना निदान एसटीचा डबा होता. आईने पहाटे भाकरी थापायच्या, कंडक्टरच्या ओळखीने डबा गाडीत ठेवायचा, पोराने स्थानकावर उतरवून घ्यायचा. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा हे डबे बंद पडले आणि गावातून रोज जाऊन-येऊन शिकणारी पोरे घरीच बसली. कामगारांचे म्हणणे खोटे नव्हते. पण खासगी जीपचे भाडे पोरांनी कुठून आणायचे, यावर तेव्हा कुणी बोलले नाही. जानेवारी २०२५ ला एसटीची पुन्हा जवळपास पंधरा टक्के भाडेवाढ झाली.

मायबहिणींनो, आता तुमच्याशी बोलायचे आहे, आणि भावांनी पण ऐकावे. खर्च वाढला की घरातले कोणते शिक्षण आधी थांबते? बारावीपर्यंत मुलीला एसटीचा पास फुकट असतो, तोवर ती शिकते. पुढे खोली आणि मेस आली की घरात बैठक बसते. पोराला पुणे आणि पोरीला तालुक्याचे बी.ए. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. चांगला निर्णय आहे, आम्ही तो चांगलाच म्हणू. पण फी माफ झाली, खाट आणि ताट माफ झाले नाही. फी माफ असलेली पोरगी मेसच्या पैशासाठी घरी बसते आणि दोन वर्षांत तिचे लग्न उरकते. लग्नाला मात्र कर्ज निघते. हा हिशोब दिल्ली-मुंबईत केलेला नाही, तो आपल्याच ओसरीवर होतो. आणि पोराची मेस भरते कोण? बहुतेक घरांत आईच. बचत गटातून शेळीसाठी म्हणून उचललेले दहा हजार पुण्याला जातात. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे पंधराशे यायला लागले, कित्येक माउल्या ते तसेच्या तसे पोराकडे वळते करतात. मेसचा अर्धा महिनासुद्धा त्यात भागत नाही.

सरकारकडे यासाठी काहीच नाही असेही नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढे एक हजारावर महसूल मंडळे त्यात आली. दुष्काळाच्या सवलतींत विद्यार्थ्यांसाठी परीक्षा शुल्क माफी असते. काही शेकड्यांची फी माफ आणि दरमहा नऊ हजारांचा विचार नाही, अशी ही दुष्काळाची व्याख्या. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता सुरू झाला. सुरुवातीचा दर मोठ्या शहरात दहा महिन्यांचे तीस हजार, इतर ठिकाणी वीस हजार. मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांना. बी.ए. करणाऱ्याचे, परीक्षेची तयारी करणाऱ्याचे पोट वेगळे असते की काय? अनुसूचित जातीच्या मुलांच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत, २०२१ च्या नियमांप्रमाणे, साधी पदवी घेणाऱ्या वसतिगृहातल्या मुलाला वर्षाचा निर्वाह भत्ता सहा हजार. महिन्याला पाचशे. आणि हे पैसे बरेचदा वर्ष संपता संपता खात्यात येतात, तोवर आईची बोरमाळ सावकाराकडे पोचलेली असते.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, निर्देशांकाप्रमाणे ठरतो. कुणाला मोर्चा काढावा लागत नाही. विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता मात्र सरकारच्या मनात आले की वाढतो, एरवी वर्षानुवर्षे जिथल्या तिथे. आम्ही आकडा मागत नाही. आकडा मागितला की देतात आणि पाच वर्षांत तो कुजतो. आम्ही दोन गोष्टी मागतो. भत्ता त्याच निर्देशांकाला बांधा, आणि पहिला हप्ता जुलैत, प्रवेशाबरोबर द्या. जुलैत पाच हजार मिळाले तर ते युरियाच्या हप्त्याला मोकळे होतील. मार्चमध्ये मिळालेल्या पंधरा हजारांनी गेलेला हंगाम परत येत नाही.

सरकार देईल तेव्हा देईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कुठल्या भत्त्याची वाट बघितली नव्हती. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. विदर्भात पंजाबरावांनी अमरावतीला आधी छात्रालय काढले, मोठी संस्था मागाहून उभी राहिली. त्या माणसांना नेमके कळले होते की शेतकऱ्याच्या पोराला शाळेच्या दारातून फळा अडवत नाही, ताट अडवते.

आपण काय करू शकतो? एका तालुक्यातली वीस पोरे एकाच शहरात असतील तर त्यांच्यासाठी एक घर भाड्याने घ्यायचे. प्रत्येक घराने वर्षाची सव्वा क्विंटल ज्वारी-गहू, पंचवीस किलो तूर हंगामातच आणून द्यायची. धान्य तेव्हा आपल्याकडे असते, रोकड नसते, हा सगळा फरक आहे. रोख लागेल ती भाडे, गॅस, तेल आणि स्वयंपाकाच्या बाईंची मजुरी एवढ्यापुरती. ज्वारी नीट वाळवा, दाताखाली कडक वाजली पाहिजे, ओलसर पोत्यात पावसाळ्यापर्यंत भुंगा पडतो आणि मग पोरे पुन्हा मेसकडे पळतात. हिशोबाची वही पोरांकडे, चावी बाईंकडे. आणि वीसमधल्या निम्म्या खाटा मुलींच्या वेगळ्या घरात असतील तरच संघटना यात हात घालील, हे आम्ही आत्ताच सांगून ठेवतो. ज्या गावांत कपाशीमागे ज्वारीच गेली आहे त्यांनी घरापुरती दोन पट्टे रब्बी ज्वारी धरावी, कडबाही होईल.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांची पोरे बाहेर आहेत त्यांनी एक कागद आणायचा. पोराला फोन करून खाटेचे भाडे, मेस, अभ्यासिका, क्लास, सगळे खरे विचारायचे, आणि तो दोन वेळ जेवतो का हेही. शेजारी आपण त्या महिन्यात कापूस कोणत्या भावाने विकला ते लिहायचे. भत्त्याचा अर्ज केला असेल तर अर्जाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख, आले नसतील तर तसे. कागदावर नाव घातले नाही तरी चालेल, गाव आणि तालुका मात्र हवा. तालुकाप्रमुखांनी हे कागद पंधरा दिवसांत एकत्र करून जिल्हा कार्यालयात द्यायचे, समाजकल्याण आणि तंत्रशिक्षणवाल्यांकडे आपण ते घेऊन जाणार आहोत. वसतिगृहासाठी ज्यांच्या माहितीत शहरात घर असेल त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीतच आम्हाला भेटा.